फोडणीमामांचा अर्ज

फोडणीमामा दारात यायच्या आधी त्यांचं नाक आत यायचं. मी खाणीच्या टाइम ऑफिसात हजेरीच्या कागदांत मान घालून बसलेलो असायचो आणि मामा उंबऱ्यावरूनच म्हणायचे, "बाबू, आज डब्यात वालाची भाजी. अन् घरी तेल संपलं दिसते." दोन्ही खरं निघायचं.

घुग्घुसच्या कोळसा खाणीत ते डंपर चालवायचे, पण ते पोटासाठी. जीव अडकलेला होता लग्नातल्या आलू-वांग्याच्या भाजीत. सुटी मिळाली की मामा कुठल्या तरी गावी मांडवामागे चूल पेटवून उभे, तेही फुकट. रांधताना भाजी कधी चाखत नसत. "जिभीले फक्त मीठ कळते. बाकी सारं नाकाचं काम हाय," असं त्यांचं शास्त्र होतं.

नोकरी सोडून आपल्या गावी पोंभुर्ण्याला जायचं आणि नुसतं रांधायचं, हे दर चैत्रात ठरायचं. लग्नसराई आली की मामा मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज माझ्याकडे द्यायचे आणि वर सांगायचे, "सायबाकडे लगेच नका पाठवू. ठेवा जरा खाली." मी ठेवायचो. दिवाळीचा बोनस झाला की मामी त्यांना पिटाळायच्या आणि अर्ज परत जायचा. मामींचं म्हणणं सरळ होतं : "साठ पुरे होऊ द्या, पेन्शन पुरी बसू द्या, मंग हलवा झारा जलमभर." बाई चुकीचं काय बोलत होत्या? असे सहा अर्ज आले नि गेले. हळदीचे डाग पडलेला कंपनीचा फॉर्म मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

सातव्या वेळी मी चिडवलं, "मामा, अर्जाला लसणाचा वास येतोय. साहेबांना भूक लागेल." मामांनी कागद नाकाशी धरला. उलटा करून पुन्हा धरला. मग घडी घालून खिशात टाकला आणि शिफ्टला गेले. तीस वर्षं कोळशाची धूळ खाल्लेलं नाक ते. पण मी मठ्ठ, माझ्या काही लक्षात आलं नाही.

महिनाभराने माझ्या मुलीचं लग्न झालं. भाजी अर्थात मामांची. आणि ती बुडाला लागली, चांगली करपली. लग्नघरी आचाऱ्याला नाव ठेवायची आमच्याकडे रीत नाही. पंगत मुकाट जेवली. माझ्या व्याह्यांनी तर "चुलीची चव उतरली" म्हणत दुसऱ्यांदा वाढून घेतली. मामा झारा खांद्यावर टाकून ऐटीत फिरत होते. शेवटी मामींनीच हळूच सांगितलं, "लागली हो भाजी." मामांना पटेना. त्यांनी भाजीचा गंज आडवा केला, बूड खरवडलं आणि काळी खरपुडी हातात घेऊन हुंगली. मला त्यांच्याकडे बघवेना.

सोमवारी अर्ज आला. सोबत मामीही.

"आज खाली नका ठेवू, बाबू."

"दोनच वर्षं राहिलीत, मामा. पेन्शन कमी बसेल."

"पेन्शन कमी बसली तं भाजीत वांगे कमी टाकीन. नाकच नसन तं काय टाकू?"

मी आशेनं मामींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "सही जागेवर हाय ना, तेवढं पाहून घ्या."

आता मामा पोंभुर्ण्यात रांधतात. नाक अर्धंच परत आलं. कांदा कळतो, हिंग नाही. म्हणून मामी चुलीशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि हुकूम सोडतात.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. मलाही गावी जाऊन भजनात पेटी वाजवायची आहे, पण दोन वर्षं काढावीत, पेन्शन पुरी बसू द्यावी, असं मी मामांना समजावत होतो. मामांनी झाऱ्यात भाजी घेऊन माझ्या नाकाखाली धरली.

"कायचा वास येते, बाबू?"

"भाजीचा."

"ते तं दिसूनच राह्यली. फोडणी लसणाची का हिंगाची?"

मी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मामी हसता हसता थांबल्या. मामांनी झारा खाली ठेवला आणि माझ्याच खिशातला पेन काढून माझ्या हातात दिला.