चुलीला तोंड, दरीला पाठ

खान्देशातलं कुठलंही प्रेक्षणीय स्थळ अक्कांसमोर काढा, त्या तिथल्या चुलीपासून सुरुवात करायच्या. "पद्मालय? पानी गोड शे तठलं. दाय पटकन शिजस." "पाटणादेवी? झाडी बेस शे, पन माकडं भलता. पुऱ्या झाकी ठेवन्या पडतीस." तोरणमाळचं नाव काढलं की कपाळाला आठी. "तठे वारा शे भाऊ. तीन दगड मांडा का चार मांडा, जाळ काही धड लागत नही."

अक्का आमच्या जळगावच्या कॉलनीत शेजारच्या घरात राहायच्या. माहेर साक्रीकडचं. लग्नानंतर चाळीस वर्षं शहरात काढूनही त्यांची बोली तसूभर हलली नव्हती. यजमान नाना जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. दिसेल ते मोजून सांगायची खोड मात्र निवृत्त झाली नव्हती. एखाद्या कड्याशी उभे राहिले की खोली किती, पलीकडचं गाव कुठलं, हद्द कुणाची, हे सगळं न विचारता सांगायचे. दर थंडीत कॉलनीतली चार घरं मिळून सहलीला निघायची. जागा नाना ठरवायचे, टेम्पो मी ठरवायचो, आणि बाकीचं अक्का बघायच्या. बाकीचं म्हणजे दहा किलो भरताची वांगी, ती भाजायला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे भारे, ठेचायला लाकडी बडगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ, तेलाचा डबा आणि आम्ही अठरा माणसं.

आमच्याकडे थंडीत निसर्ग बघायचा म्हणजे भरीत खायचं. निसर्ग नुसता बघितला तर परत आल्यावर लोक विचारतात, मग गेला होतात कशाला? त्यामुळे टेम्पो थांबला की पुरुषमंडळी आणि पोरंटोरं पॉइंट बघायला जायची, बायका आळीपाळीनं जाऊन यायच्या आणि अक्का चुलीशी बसायच्या. त्यांची पाळी कधी आली नाही, कारण भरताचा हात त्यांचा होता. वांगं किती भाजलं की उतरवायचं, हे त्यांच्याशिवाय कुणाला कळत नाही, असं आम्ही सगळे मोठ्या कौतुकानं म्हणायचो. या कौतुकानं त्यांना वीस वर्षं एका जागी बसवून ठेवलं, हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

त्या काळात मी शाळेत मराठी शिकवायचो आणि रविवारी एका स्थानिक वर्तमानपत्रात सहलीच्या ठिकाणांवर सदर लिहायचो. सदराचे दोन भाग असायचे. वरती 'काय पाहाल', खालती 'कुठे राहाल'. वरचा भाग मी अलंकारांनी सजवायचो. खालचा सगळा अक्कांचा असायचा. कुठल्या धर्मशाळेत सकाळी नळाला पाणी येतं, कुठल्या विश्रामगृहाचा चौकीदार मोठं पातेलं देतो, कुठल्या खोलीला कडी लागत नाही, हे त्यांना तोंडपाठ. प्रत्येक ठिकाणी पाणी भरणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायांशी त्यांची अर्ध्या तासात मैत्री व्हायची आणि मुक्कामाची खरी बातमी तिथूनच मिळायची. वाचकांची पत्रं यायची ती खालच्या भागासाठी. मी लेखाच्या शेवटी नानांचे आभार मानायचो.

ऊनपदेवच्या गरम झऱ्यावर मी एकदा फारच भारावून लिहिलं होतं. भूगर्भातली ऊर्जा, सृष्टीचं गूढ, बरंच काही. अक्कांना विचारलं, तुम्हाला काय वाटलं? म्हणाल्या, "भाऊ, मी तं हात जोडात. देवनी पानी तपाई ठेयेल शे. अठरा ताटं मी बठ्ठी खालच्या अंगाले नेई घासात, एक काडी लागनी नही." आजही मला वाटतं, त्या झऱ्यावर यापेक्षा मनापासून कुणी काही बोललं नसेल.

कधी काही न मागणाऱ्या या बाईला एकच गोष्ट बघायची होती, ती म्हणजे तोरणमाळची सीताखाई दरी. तिथे आम्ही तीनदा गेलो होतो. पहिल्या वेळी वारा होता आणि जाळ सोडून उठता येईना. दुसऱ्या वेळी कुणाच्या तरी बाळाला दूध तापवायचं होतं. तिसऱ्या वेळी त्या पदर खोचून निघाल्यासुद्धा, पण नानांनी घड्याळ बघून सगळ्यांना टेम्पोत बसवलं. घाट उतरायच्या आत अंधार व्हायला नको म्हणे. परत आल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "भाऊ, खरंच भलती खोल शे का ती?" मी काय करावं? माझ्या लेखाचं कात्रण त्यांच्या हातात ठेवलं. चौथी शिकलेल्या अक्कांनी ते ओट्यावर बसून, बोट फिरवत, दोनदा वाचलं. "छान लिखेल शे," त्या म्हणाल्या. "पन मी तठे नव्हतू ना."

मग त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया करावीच लागेल, तोवर चढउतार जपून. अक्का घरी येऊन एवढंच म्हणाल्या, की त्याआधी एकदा तोरणमाळला जाऊ. त्यांच्या पुण्याच्या मुलानं मोबाइलवर खटाखट बोटं चालवून तिथल्या एका नव्या निवासात खोल्या ठरवल्या. चहा, नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण त्यांचंच. म्हणजे या खेपेला अक्कांना चूल नाही. आम्ही सगळे स्वतःच्या मोठेपणावर खूश होतो.

आणि निघायच्या सकाळी टेम्पोत पाहतो तर दहा किलो वांगी. कोणी आणली? कोणीच नाही. नाना म्हणाले, बाजारात चांगली दिसली, सहज घेतली. बडगी कुणी ठेवली, कळलं नाही. पऱ्हाट्यांचे भारे मात्र मीच टपावर बांधले होते. जेवणाची सोय असलेल्या ठिकाणी सरपण घेऊन निघालेली माणसं खान्देशाबाहेर सापडायची नाहीत.

दुपारी निवासातल्या जेवणात नेमकं भरीत आलं. गॅसवर भाजलेलं, वर टोमॅटो. नानांनी एक घास घेतला आणि ताट पुढे सरकवलं. "याला भरीत म्हणायचं?" सगळ्यांनी अक्कांकडे बघितलं. मीही बघितलं. "फक्त एकदा अक्का," कुणीतरी म्हणालं. "संध्याकाळपुरतं. सरपण आहेच."

अक्कांनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, म्हणून मी निर्धास्त झालो. त्या उठल्या, हात धुतले आणि मागच्या दारानं बाहेर पडल्या. बडगी काढायला गेल्या असतील असं समजून आम्ही आवारात पऱ्हाट्या पेटवल्या, वांगी रचली आणि वाट बघत बसलो. वांगी करपायला लागली तरी अक्का येईनात. शोधायला धावलो तेव्हा आचाऱ्यानं सांगितलं, आमच्याकडे भांडी घासणारी पावरा आदिवासी बाई आहे ना, तिचा हात धरून आजी सीताखाईकडे गेल्या.

कड्याजवळच्या दगडावर त्या बसल्या होत्या. दुखरे पाय सरळ पुढे केलेले, चपला बाजूला. ती बाई थोडी मागे उभी होती. नाना धापा टाकत पोचले. "अगं, वांगी कोळसा झाली सगळी!"

अक्कांनी मान वळवली नाही. "व्हऊ द्या कोयसा."

नाना गोंधळले. आणि गोंधळले की ते जे करायचे तेच त्यांनी केलं. हात लांब करून दरीची माहिती सुरू केली. खोली इतकी, पलीकडे अमुक...

"चूप बठा," अक्का म्हणाल्या. "माले देखू द्या."

चाळीस वर्षांत नाना पहिल्यांदा वाक्य अर्धवट सोडून खाली बसले. मीही बसलो. जरा वेळानं अक्कांनी मला विचारलं, "भाऊ, तुम्ही लिखेल तो धबधबा कोठे शे?" मी समोर बघितलं. जानेवारीचा महिना. समोर कोरडा कडा, सुकलेलं पिवळं गवत आणि तळाशी निष्पर्ण साग. तीन खेपा इथे उभा राहून मी घरी गेलो होतो आणि पर्यटनाच्या पुस्तिकेतून कोसळता धबधबा उचलून लिहिला होता. मला इतकी लाज वाटली की खोटंही सुचेना. "नाही अक्का," मी म्हणालो. "आम्ही येतो तेव्हा तो नसतोच." त्यांनी मान हलवली. "तरी बेस शे," म्हणाल्या, आणि सूर्य पलीकडच्या डोंगराला टेकेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. रात्री सगळ्यांनी निवासातलंच भरीत खाल्लं. वाईट नव्हतं. नानांनी दोनदा घेतलं.

शस्त्रक्रियेची तारीख यायच्या आधीच पावसाळ्यात अक्का गेल्या. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्यावर वेगळं काही लिहिलं नाही, ते धाडस नव्हतं. पण त्या रविवारच्या सदरात तोरणमाळच घेतलं, धबधबा काढून टाकला आणि खाली, 'कुठे राहाल'च्या शेवटी, त्यांचं नाव घालून एक वाक्य लिहिलं: तुमच्यासोबत स्वयंपाक करणारी जी बाई असेल, तिला आधी दरी दाखवा, मग जेवायला मागा. रविवारी अंक उघडला. खोल्यांची माहिती होती, जेवण उत्तम असल्याचं होतं. ते वाक्य नव्हतं. संपादकांना फोन केला तर ते म्हणाले, सर, जागा कमी पडली, आणि ते तसंही पर्यटनात बसत नव्हतं.