दारावरचा एक्केचाळीस

इतवारीच्या मागे, हातगाड्या उभ्या करायच्या मैदानाला लागून एक गल्ली होती. तिथल्या बहुतेक घरांतल्या बायका बिड्या वळायच्या. त्यांत अंजनाबाईचा हात सगळ्यांत चपळ. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, तोंडानं कोणाची तरी मस्करी चालू, आणि बोटं आपली वळताहेत. बिडीकडे बघायची तिला गरज पडत नसे.

तिच्याजवळ दोन फर्मे होते. फर्मा म्हणजे पत्र्याचा चौकोनी तुकडा. तो पानावर ठेवायचा आणि त्याच्या कडेनं कात्री चालवायची. एक फर्मा कारखान्याचा. दुसरा तिनं डालड्याच्या डब्यातून स्वतः कापलेला, पहिल्यापेक्षा ज्वारीच्या दाण्याएवढा अरुंद. कारण ठेकेदार चंपतराव पानं द्यायचा ती निम्मी फाटकी, भोकं पडलेली, आणि बिड्या मागायचा पुऱ्या. पानं कमी पडली तर बाईनं बाजारातून आणून भर घालायची. अंजनाबाईच्या फर्म्यानं कापलेली बिडी दिसायला तशीच दिसे, पण रोज थोडी पानं वाचत. ती ओल्या पोत्यात गुंडाळून चुलीमागे ठेवलेली असत. ज्या घरी तुटवडा पडेल त्या बाईनं यायचं आणि मूठभर घेऊन जायचं. बोलायचं काही नाही. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. गल्लीबाहेर कोणालाच नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात नीला आली. इंदोरा वस्तीतली पोरगी, एम.ए. करत होती. बिडी कामगार बायकांच्या घरची परिस्थिती यावर तिच्या सरांचं संशोधन चाललं होतं आणि प्रश्न विचारायचं काम तिच्याकडे होतं. पहिले दोन दिवस तिला कोणी दारात उभं केलं नाही.

“तू लिहून घेतल्यानं आमच्या घरी राशन येते काय?” गल्लीतल्या कौसल्येनं विचारलं.

“नाही, मावशी.”

“मंग काहून लिहून राहिली?”

नीला कागद आवरून निघून गेली. ती तिसऱ्या दिवशी पुन्हा आली आणि अंजनाबाईच्या दारात उभी राहून “जय भीम, मावशी” म्हणाली. अंजनाबाईनं सूप बाजूला सारून तिला पाणी दिलं.

छप्पन साली धम्मदीक्षेच्या दिवशी अंजनाबाई पांढरं लुगडं नेसून मैदानात उभी होती, कडेवर लहान पोर घेऊन. स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण तेव्हापासून तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती, की आपल्यातली पोरगी लिहायला बसली तर आपल्या बाजूनंच लिहील.

“नाव तं नाई टाकत ना?” तिनं विचारलं.

“नाव कुठंच येणार नाही. हे बघा.” नीलानं छापील कागद तिच्यापुढे धरला. “इथं नावाची जागा असते, ती मी कोरीच ठेवते. नुसता नंबर टाकते.”

अंजनाबाईनं कागद पाहिला. कोरी जागा तिला दिसली. वरचा नंबर तिला वाचता येत नव्हता.

तो नंबर नीलानं दारावरून घेतला होता. मलेरियावाले औषध फवारून गेले की प्रत्येक चौकटीवर काळ्या रंगानं आकडा टाकून जायचे. गल्लीतलं कोणी तो वापरत नव्हतं. पण नीलाला त्याच घरी चार-चारदा यायचं होतं, आणि दुसरा पत्ता नव्हता. नावाच्या जागी नंबर टाका, असं तिला शिकवलेलं होतं. तिनं टाकला. एक्केचाळीस.

मग अंजनाबाई स्वतः तिला घेऊन दारोदार फिरली. “सांगा वं, घरचीच पोट्टी हाय. नाव नाई टाकत ते.” बायकांनी सांगितलं. कोण दिवसातून किती वेळा जेवतं, कोणाचा नवरा काय पितो, सगळं. कौसल्येनंही सांगितलं. आणि शेवटी अंजनाबाईनं चुलीमागून डालड्याचा फर्मा काढून नीलाच्या हातात दिला. नीलानं तो कागदावर ठेवला, पेन्सिलीनं त्याची आकृती काढली. फार खूश झाली.

“मावशी, असं कोणत्याच पुस्तकात नाही.”

“पुस्तकं लिहिनाऱ्यायनं बिड्या कधी वळल्या बाप्पा?” अंजनाबाई हसली.

पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर एका सकाळी चंपतराव गल्लीत आला. एरवी तो यायचा नाही, बायकाच माल घेऊन त्याच्याकडे जायच्या. हातात निळ्या पुठ्ठ्याचं पातळ पुस्तक होतं. कारखान्याच्या मालकाकडे ते आलं होतं. तो प्रत्येक दाराशी थांबायचा, चौकटीकडे बघायचा, पुढे सरकायचा. अंजनाबाईच्या दाराशी थांबला आणि पुढे गेलाच नाही.

“एक्केचाळीस,” तो म्हणाला. “फर्मा दे, अंजनाबाई.”

“कोन्ता फर्मा?”

“चुलीमागचा.”

त्यानं पुस्तक उघडून वाचून दाखवलं. कुटुंब क्रमांक एक्केचाळीस, अरुंद फर्मा, वाचलेली पानं, ओलं पोतं. कुटुंब अडतीस आणि चव्वेचाळीस ही पानं नेतात. खाली पेन्सिलीची ती आकृती छापलेली होती.

“नाव नाई हाय कोनाचं,” चंपतराव म्हणाला. “चांगली शिकलेली दिसते पोट्टी.”

त्या दिवसापासून अंजनाबाईला पानं बंद झाली. अडतिसाच्या कौसल्येला आणि चव्वेचाळिसाच्या बाईला आठवडाभर काम मिळालं नाही. मिळालं तेव्हा चंपतरावानं ठप्पा मारलेला फर्मा दिला आणि पानं आणखी फाटकी दिली. अंजनाबाई नळावर गेली की बायका घागरी भरून निघून जायच्या. एकदा फक्त कौसल्या बोलली. “तूच म्हनत होती ना वं, घरचीच पोट्टी हाय म्हून?”

फाल्गुनात नीला आली. पिशवीत निळं पुस्तक होतं, मावशीला द्यायला आणलेलं. सुपात पानं नाहीत, हे तिला दारातच दिसलं. अंजनाबाईनं सांगितलं तसं तिनं उभ्या उभ्या सगळं ऐकलं. मग चौकटीकडे पाहिलं, आणि खाली बसली.

“मावशी, शपथेनं सांगते, मी नाव कुठंच लिहिलं नाही.”

“नाई लिहिलं. चंपतराव बी तेच म्हने.”

“मी जाऊन बोलते त्यांच्याशी.”

“नको. तू गेली तं तो इचारन, आनखी कोनं काय सांगतलं. तुले खोटं बोलता येत नाई.” नीलानं पिशवीतून काढून खाली ठेवलेल्या पुस्तकावर अंजनाबाईनं बोट ठेवलं. “या पुस्तकात तुयं घर कोन्त्या नंबरचं हाय?”

“माझं घर त्यात नाही.”

“हं.” तिनं रिकामं सूप भिंतीला टेकवलं. “ते कागद कुठी हायत? गल्लीतल्या बायायनं सांगतलेले?”

“ऑफिसात. कपाटात.”

“आनून दे मले. सगळे.”

नीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. “ते आता सरांचे आहेत, मावशी. मला नाही देणार.”

अंजनाबाईनं मान हलवली. पुस्तक उचलून नीलाच्या पिशवीत परत ठेवलं. चहाला थांब म्हणाली नाही.

नीला गेल्यावर तिनं बादलीत चुना कालवला आणि चौकटीवर कुंचा फिरवला. काळा आकडा पहिल्या हातात गेला नाही, दुसऱ्या हातात गेला. मग बादली घेऊन ती अडतिसाच्या दाराशी गेली. कौसल्या उंबऱ्यात पानं कापत बसली होती. ती उठली, अंजनाबाईच्या हातातून कुंचा घेतला, आपला आकडा आपणच पुसला. कुंचा परत बादलीत टाकला आणि कात्री घेऊन पुन्हा खाली बसली. 

अंजनाबाईनं बादली उचलली आणि पुढच्या दाराशी गेली.