वेशीपेक्षा उंच

उकंडराव म्हणजे एक नंबरचा आडमुठा माणूस. तापट तर इतका, की त्याचं खाकरणं ऐकलं तरी घरातली मांजर चुलीमागं दडायची. वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा, त्या काळची ही गोष्ट. मलकापूरजवळच्या त्याच्या गावात पोळ्याचा मान त्याच्या घराण्याकडे होता. वेशीत तोरण बांधायचं, मानाच्या जोडीसमोर ते हिसक्यानं तोडायचं, मग गावची बैलं कमानीखालून आत यायची. आणि गावाचा जुना रिवाज असा, की वेशीपेक्षा उंच घर कुणी बांधायचं नाही.

हा रिवाज मोडायला निघाला उकंडरावचाच धाकटा भाऊ, शेषराव. महायुद्धाच्या वर्षांत कापूस तेजीत आला, शेषरावची दलाली जोरात चालली आणि पठ्ठ्यानं थेट तीन मजली इमारत काढली. मलकापूर टेसनावर उतरलेले लोखंडी गर्डर बैलगाड्यांवरून आले आणि वेशीत अडकले. शेषरावनं सरळ गवंडी बोलावून कमानीला सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, लावली.

उकंडराव जेवायला बसला होता. कळताच ताट लाथाडून तो काठी घेऊन धावला. पहिल्याच फटक्यात एका गवंड्याचं डोकं फुटलं.

"दादा, गाव वाढून राह्यलं! तू काऊन ह्या दगडांले कवटाळून बसला?" शेषराव ओरडला.

"आपल्या बापानं इथंच तोरण तोडलं बे! एक दगड हालला तं तुहा मुडदा पाडीन!"

काठी बसली. कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसं शेषरावचं मनगट मोडलं. त्यानं उरलेल्या हातानं वीट उचलून भावाच्या कपाळात घातली. भर वेशीत सख्खे भाऊ रक्तानं न्हाले. लाज म्हणून नाही! लोकांनी ओढून वेगळं केलं.

पंच बसले. म्हाताऱ्या अर्जुनरावनं मधली वाट काढली. वेशीचा एक बुरूज पाडायचा, म्हणजे गाड्या बाजूनं जातील. दुसरा बुरूज आणि कमान तशीच राहील. इमारत होईल, वेसही राहील. पोळ्याला उकंडरावनं तोरण तोडायचं, मानाची जोडी शेषरावनं धरायची. दोघांनी दातओठ खात माना डोलावल्या. बुरूज पडला, गर्डर आत गेले, इमारत दुसऱ्या मजल्यापर्यंत आली.

पोळा उजाडला. तोरण बांधायची एक कडी पडलेल्या बुरुजाबरोबर गेली होती. अर्जुनराव म्हणाला, "त्या बाजूनं बांबू रोव."

"वेशीचं तोरण बांबूले? मी काय लग्नाचा मांडव घालून राह्यलो?" उकंडराव स्वतः वर चढला आणि तोरणाचा दोर त्यानं कमानीच्याच दगडाला आवळला. बुरुजाचा टेकू गेलेली कमान नुसती नावाला उभी आहे, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

डफडी वाजू लागली. शेषराव कमानीखाली जोडी धरून उभा होता, मोडका हात गळ्यात बांधलेला. किती दिवसांनी तो हसला! "वढ दादा, जोरानं!"

कमानीपुढं उभ्या उकंडरावनं दोराला हिसका दिला. दोर तुटेना. सारं गाव बघतंय म्हटल्यावर त्याचा पारा चढला. दोर कमरेला गुंडाळून त्यानं सगळं अंग मागं टाकलं. दगड निखळला आणि अख्खी कमान खाली आली.

धुरळ्यात एक बैल मागचे पाय फरफटत हंबरत होता. दगडांखालून गळ्यात बांधलेला तो हात तेवढा बाहेर दिसत होता. उकंडरावनं नखं उपटेपर्यंत दगड उकरले. खाली चेहरा म्हणून काही उरलं नव्हतं.

चिता विझली तसा तो सब्बल घेऊन राहिलेल्या बुरुजावर तुटून पडला. "तेवढा तं राहू दे बाप्पा," म्हणत अर्जुनराव आडवा आला, तर त्याच्या बरगड्यांत सब्बल बसली. मग कुणी जवळ गेलं नाही.

गेली ती रुखमाबाई, शेषरावची विधवा. लग्न होऊन आल्यापासून ती भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर, एक शब्द बोलली नव्हती, डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. तिनं पदर मागं सारला आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घातले.

"सब्बल टाका, दादा. हे पाडून तुमी मोकळे होऊन राह्यले. मले कोन मोकळं करीन? तिसरा मजला तुमीच चढवा. अन् तिथंच राहा."

सब्बल हातातून गळाली. तो बुरुजाला डोकं लावून गुरासारखा ओरडला.

तिसरा मजला चढला. उकंडराव मरेपर्यंत त्यातच राहिला. बुरुजाकडची खिडकी रुखमाबाईनं त्याला एकदाही लावू दिली नाही.