फळ्यावरचा पाहुणा

एखाद्या पोराचं उत्तर चुकलं की बाई हातातला खडू ठेवायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि त्या पोराच्या बाकाशेजारी सरळ फरशीवर उकिडव्या बसायच्या. "कुठून आलं रे हे उत्तर? सांग की." पोरगं गावाला जाऊन आलंय आणि बाईंना तिकडची खबर हवी आहे, अशा सुरात विचारायच्या.

गणिताच्या बाई. मूळच्या पिशोरच्या. आमच्या शाळेत त्या तासिका तत्त्वावर होत्या, मी मराठीला. शाळेचं नाव विचारू नका. छत्रपती संभाजीनगरात अशा शाळा गल्लोगल्ली आहेत, तुमचीही पोरं त्यातल्याच एखादीत असतील.

आमच्याकडे घटक चाचणीच्या मार्कांवर बाकं ठरायची. जास्त मार्कवाले पुढं, पंख्याखाली. कमीवाले मागं, भिंतीला. त्या मागच्या रांगेला स्टाफरूममध्ये 'गोडाऊन' म्हणायचे. शी! चांगली शिकलेली माणसं चहात बिस्किट बुडवत म्हणायची, "काय, आज गोडाऊनमधून काय निघालं?" आणि खिदळायची. मला त्या स्टाफरूमच्या चहाचीच शिसारी बसली होती.

बाई त्या गोडाऊनमध्येच जाऊन बसायच्या. त्यांनी वर्गात एक प्रथा पाडली होती. दिवसभरातलं सगळ्यात भारी चुकलेलं उत्तर फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात चौकट आखून लिहायचं, खाली पोराचं नाव. त्याला म्हणायचं पाहुणा. हा पाहुणा कसा आला ते त्या पोरानं वर्गाला सांगायचं आणि खरं काय ते कळलं की त्यानंच तो पुसायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, बाईंनीसुद्धा नाही.

"पाहुण्याला हाकलायचं नसतंय," त्या म्हणायच्या. "इचारपूस करायची. मग त्याचा तो जातो."

माझ्या तासाला मीही तो कोपरा सोडून फळा पुसायची. पोरं तर चुकीवरून भांडायला लागली. "बाई, माझा घ्या ना, माझा लई भारी हाय!" गणिताच्या तासाला हसणं ऐकू येतं म्हणून शेजारच्या वर्गातून तक्रारी यायच्या, आता बोला.

गोडाऊनमध्ये कायम बसणारी एक मुलगी होती, मुक्ता. तिची आई शहागंजात पेरूचा गाडा लावायची. मुक्ता हजेरीलाही नुसता हात वर करायची, तोंड उघडायची नाही. त्या दिवशी अर्ध्यात एक तृतीयांश मिळवायचा होता. तिनं वहीत लिहिलं, १/२ + १/३ = २/५. बाई बसल्या फरशीवर. मी पुढच्या तासासाठी दारात उभी होते.

"कुठून आणलंस गं?"

बाई तशाच बसून राहिल्या. मग अगदी हळू आवाज आला, "दोन पेरूंतला एक किडका. तीन पेरूंतला एक किडका. समदे एका टोपलीत टाकले, तर पाचातले दोन किडके."

बाईंनी टाळीच वाजवली. "अगं, उत्तर लई झ्याक हाय! फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं हाय. आपला प्रश्न एकाच पेरूचा हाय, उद्या हुडकू." पाहुणा चौकटीत बसला, खाली मुक्ताचं नाव. मधल्या सुट्टीत ती पुन्हा पुन्हा येऊन ते बघून गेली.

संध्याकाळी पालकसभा झाली. एका बापानं फळ्याचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला, "गणिताच्या मॅडमनाच अपूर्णांक येत नाहीत!" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. हे काय आहे, असं एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय जीभ झडली असती?

दुसऱ्या दिवशी संस्थेचे सचिव थेट वर्गात आले. साक्षीला मला बोलावलं होतं.

"पुसा ते," ते बाईंना म्हणाले.

"साहेब, ते तिचं हाय. तिला कळलं की तीच पुसंल. आजच्या तासापुरतं थांबा."

"चुकीचं शिकवायचं आणि वर चौकटीत मांडायचं?"

"साहेब, आधी ऐकून तरी घ्या," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे मानही वळवली नाही. डस्टर उचललं आणि स्वतःच पुसून टाकलं, नावासकट. मग म्हणाले, "कोण ही मुक्ता? उभी राहा." पुढच्या बाकावरून कुणीतरी पुरवलं, "पेरूवालीची." तसे ते म्हणाले, "पुढं काय, पेरूच विकणार का?"

पुढच्या बाकांवरची पोरं हसली. हेच तर शिकवलं होतं आम्ही त्यांना!

बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी पिशवी उचलली आणि जाताना मुक्ताच्या बाकापाशी वाकल्या. "त्यांनी पुसलं म्हंजे पाहुणा गेला असं नाय. इचार करत ऱ्हा. कळलं की मराठीच्या मॅडमला सांग."

मुक्ताचा हात मग हजेरीलाही वर येईना. नवीन सर आले, कोपरा रिकामा राहिला. आणि ऐका पुढची कमाल! फाटकावर बॅनर लागला, 'हसत-खेळत गणित'. पोरं एवढीशी आणि हात जोडलेले सचिव केवढे तरी मोठे. थू! निर्लज्जपणालाही काही मर्यादा असते.

दिवाळीनंतर एकदा मी कविता शिकवत असताना मुक्ता उठून पुढं आली आणि माझ्या हातातला खडू मागितला. कोपऱ्यात चौकट आखली, आत तेच १/२ + १/३ = २/५ लिहिलं, खाली स्वतःचं नाव. मग वर्गाकडे वळली.

"टोपली नाय. पेरू एकच. त्याच्या सहा फोडी करायच्या. अर्धा म्हंजे तीन फोडी, तिसरा हिस्सा म्हंजे दोन. झाल्या पाच. सहातल्या पाच."

एवढं बोलून तिनं तळहातानं चौकट पुसली आणि जागेवर जाऊन बसली.

घरी पोचताच मी बाईंना फोन लावला. त्या आता सोयगावला शिकवण्या घेतात. आधी मी त्या बॅनरवरून सचिवांच्या नावानं मनसोक्त शिव्या घातल्या, त्या त्यांनी मुकाट ऐकल्या. मग मुक्ताचं सगळं सांगितलं, सहा फोडींसकट. फोडींबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

"पुसलं कुणी?" एवढंच विचारलं.

"तिनंच."

पलीकडून बाईंनी नाक ओढलं. "झालं मंग," त्या म्हणाल्या.