फळ्यावरच्या चिंध्या

माझी सून धरून आम्ही सातजणी गोधड्या शिवतो. सुनेनं तिच्या ऑफिसातली कामाची पद्धत आम्हाला लावून दिली. भिंतीवर फळा, त्यात तीन रकाने: करायचं, चाललंय, झालं. दर गोधडीची चिठ्ठी लिहायची आणि काम होईल तशी पुढे सरकवायची. पद्धत चांगलीच हो, मोठमोठ्या कंपन्यांत चालते म्हणे. पण आमच्या गंगूबाईंना वाचता येत नाही. टाका त्यांचाच सगळ्यांत बारीक, आणि फळ्याकडे पाठ करून त्याच बसायला लागल्या. परवा म्हणाल्या, "उद्यापासून मी काही येत नाही. तुमचं आता हापिस झालंय."

सुनेनं चिठ्ठ्या काढल्या आणि त्या जागी ज्या-त्या गोधडीच्या कापडाची चिंधी टाचणीनं लावली. मग गंगूबाईंना जाऊन घेऊन आली.

आज गंगूबाई फळ्यापाशी उभ्या होत्या. जांभळ्या फुलांच्या चिंधीवरून बोट फिरवून त्यांनी ती शेवटच्या रकान्यात लावली. मला वाटलं, पद्धतही पोलक्यासारखीच असते. दुसऱ्याच्या मापाचं काखेत काचतं. जरा उसवून घेतलं की आपलं होतं.

तेवढ्यात त्या सुनेकडे वळल्या. "का गं पोरी, ही हिरवी अजून मधेच? तुझ्याकडंच आहे ना?"

सून ओशाळून हसली आणि सुई शोधायला लागली.