खुला कंपायलर आणि तिची नोकरी

माझे वडील चळवळीची पत्रकं काढून वाटायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला बाजू असते आणि चुकीच्या बाजूच्या माणसाला सोडायचं नसतं, हे मला लवकर पाठ झालं.

शिवाजी पेठेतल्या आमच्या लहानशा ऑफिसात यंत्रमागांचं सॉफ्टवेअर बनतं. ते विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालावं लागतं. आपला कोड यंत्राला कळेल असा करून देणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. कुणी काही सांगितलं नाही तर कुठे कोणता कंपायलर घ्यायचा, हे बिल्डच्या, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम बनवण्याच्या, एका फाइलीत लिहिलेलं असतं. लिनक्सवर खुला होता, म्हणजे कुणालाही बघता, बदलता येणारा; विंडोजवर एका कंपनीच्या मालकीचा, बंदिस्त. ती फाइल माझ्याकडे होती. एका सोमवारी मी दोन्हीकडे खुलाच करून टाकला. कुणाला विचारलं नाही. ज्याला गुलामी हवी त्याने ती नाव घेऊन मागावी, असं माझं म्हणणं.

विंडोजवर काम करणारी एकटीच होती. पेठ वडगावहून एसटीने येणारी, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली मुलगी. शुक्रवारी इचलकरंजीच्या एका कारखानदारासमोर सॉफ्टवेअरचा तिने लिहिलेला भाग चालला, तर नोकरी पक्की होणार होती.

मंगळवारी तिचं बिल्ड पडलं. मागावरच्या सेन्सरबरोबर आलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, बंदिस्त कंपायलरवर बनलेला होता. खुल्याशी त्याचं जुळेना. मुलीला वाटलं, आपलाच कोड चुकला. दोन दिवस ती तोच तपासत बसली. गुरुवारी माझ्या टेबलाशी आली.

"दादा, सोमवारपातूर चालत हुतं. तुम्ही काय बदललंय काय?"

"बदललंय की. फाइलीत लिहिलंय. वाचायला येतंय न्हवं?"

"वाचली. कळंना."

"वडगावच्या बाजारात म्हशीचे दात बघून घेता, हितं फाइल बघून घ्यायची."

दोघं-तिघं हसले. तीही जरा हसली आणि गेली.

बिल्ड करताना तिने बंदिस्त कंपायलरचं नाव दिलं असतं तरी भागलं असतं. मी ते सांगितलं नाही. स्वतः शोधेल तर शिकेल, असं मनाशी म्हटलं. खरं तर तिने हात टेकलेले मला बघायचे होते.

शुक्रवारी कारखानदारासमोर पडदाभर चुकांच्या तांबड्या ओळी आल्या.

"पोरगी हुशार आसंल," तो आमच्या साहेबांना म्हणाला, "पण ह्या तांबड्या दोऱ्याचं कापड कोण घेणार?"

साहेब मला म्हणाले, "तू बघ रे."

मी तिच्या खुर्चीत बसलो, बंदिस्त कंपायलरचं नाव दिलं. दोन मिनिटांत मागांचे आकडे धावायला लागले. कोडला मी हात लावला नव्हता. सगळा तिचा होता. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

जिन्यात तिने विचारलं, "हे तुम्हाला काल ठावं हुतं?"

"व्हय," मी म्हणालो.

सोमवारपासून येऊ नको, असं साहेबांनी तिला संध्याकाळीच सांगितलं. तिचा भाग माझ्याकडे आला. बिल्ड रोज चालायला हवं म्हणून फाइलीत विंडोजचा कंपायलर मी स्वतःच पुन्हा बंदिस्त केला. तिचा कोड मी दुरुस्त केला, असं साहेब अजून गिऱ्हाइकांना सांगतात. मी शेजारी उभा असतो.