आप्पांचं पितळी इंजिन

माझा भाऊ विश्वेश्वर विलायतेहून डबा घेऊन आला तेव्हा मला वाटलं, शेवयाचा साचा आणला बाई! उघडून बघते तर कागदासारखे पितळी पत्रे, त्यावर दारं-खिडक्या कोरलेल्या, आन पुड्यात चाकं. पुण्याच्या कंपनीनं त्याला तिकडं शिकायला धाडलतं. तेव्हा नव्यानंच कंपन्यांची पोरं परदेशी जाऊ लागलती. येताना त्यानं आप्पांसाठी रेल्वेचं खेळण्याएवढं इंजिन घेतलं. पण घेताना नीट बघावं का न्हाई? तयार इंजिन नव्हतंच ते, सुटे भाग डाग देऊन, झाळून घरी जोडायचे होते. "दाजी करतील की," म्हणला आन दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गाडीत बसून मोकळा झाला.

आप्पा म्हणजे आमचे वडील. जन्म सारा कोळशाच्या इंजिनावर गेला, आधी फायरमन, मग ड्रायव्हर. आई गेल्यावर घाटनांदूरला माझ्याकडं राहायला आले. लेकीच्या घरचं खातो म्हणून लाजायचे, मी एकदा चांगलं झापलं तेव्हा गप झाले. सकाळ-संध्याकाळ स्टेशनात जाऊन बसायचे. मग लाईनीवर डिझेल आलं आन कोळशाचं इंजिन दिसायचं बंद झालं. डबा आला त्याच उन्हाळ्यात अंबाजोगाईच्या डॉक्टरनं सांगितलं, आप्पांना काचबिंदू हाय, लई पुढं गेलाय. नळीतून बघितल्यागत समोरचं तेवढं दिसतंय, तेबी जाणार. कधी, ते त्यालाबी सांगता येईना.

येताना एस्टीत आप्पा एवढंच बोलले, "नंदे, दिसतंय तवर ते इंजिन पुरं झालेलं बघू दे. मग जाऊ दे डोळे."

मी खिडकीकडं तोंड करून रडले. दुसरं काय करणार?

आता आमच्या मालकांचं सांगते. गाव त्यांना मन्मथशेट म्हणतंय. शेट कसले! पितळंच्या भांड्यांचं दुकान, आन गावात जो तो स्टील न्हाई तर प्लास्टिक मागतोय. दुकानामागं झाळकाम आन कल्हई चालायची, तीबी बसली. दिवसभर माशा मारत बसायचे आन घरी येऊन माझ्यावर चिडायचे. डबा आला आन माणूस बदलला. आप्पा पाटावर शेजारी बसायचे, हे चिमट्यानं बारके पत्रे वाकवायचे.

"जावाईबापू, हे विलायती इंजिन हाय. आपल्या इंजिनाला म्होरं मोठा दिवा होता. आन गुरं बाजूला सारायची जाळी."

"करू की मामा." तुटक्या निरांजनाचा दिवा झाला, तांब्याच्या तारेची जाळी झाली. शिटी तर तीनदा मोडून घडवली, आप्पांच्या मनासारखी होईस्तोवर. दोघं पोरांगत भांडायचे आन मला चहा मागायचे. आमच्या घरात तेवढं हसू मी कधी ऐकलं नव्हतं.

चाकं, सांगाडा झाल्यावर मालकांनी त्यावर फडकं टाकलं. म्हणले, "मामा, आता पुरं झाल्यावर एकदमच बघा." आप्पाबी खुळे, हो म्हणले.

डब्यातल्या इंग्रजी कागदात लिहिलतं म्हणे, झाळताना अमुक औषध लावा आन मग गरम पाण्यानं धुऊन काढा. शाळेच्या मास्तरांनी वाचून सांगितलं तर ह्यांना राग आला. "आमच्या तीन पिढ्या नवसागर लावत्यात. मला शिकवतोय!" नवसागर म्हणजे कल्हई करताना भांड्याला फासत्यात तो पांढरा खार. भांड्याला चालतंय, कारण भांडं आमी बाया रोज राख-चिंचेनं खसाखसा घासतो, खार राहतोय कुठं? मी इचारलंबी, "आवो, घासून देऊ का?"

"हात लावू नको! बारकं काम हाय, जाळी मोडशील."

बरं बाबा, म्हणले मी आन भाकरी थापायला गेले.

पावसाळी हवा आली. इंजिनाला नुसता रंग द्यायचा राहिलता, पण ओल्या हवेत रंग वाळंना म्हणून ते फडक्याखालीच ठेवलं. पंचमी झाल्यावर रंगासाठी फडकं काढलं तर सांध्यासांध्यातून हिरवं फुटलेलं, आन बॉयलरच्या गोल पत्र्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. चिमणीला बोट लावलं तर ती हातात आली. हे डोकं धरून भुईवर बसले. एवढा दांडगा माणूस, मला म्हणतोय, "मीच खाल्लं गं त्याला. माझ्या नवसागरानं खाल्लं."

आप्पा भिंत धरत आले. "तसंच दाखवा, जावाईबापू. आज मला दिसतंय."

"न्हाई मामा! फुटकं दाखवू का तुमाला? दसऱ्यापातूर द्या मला."

माझं टाळकंच फिरलं. "कावून हट्ट करताय? डोळे काय तुमच्या दसऱ्याची वाट बघत बसतील का? काढा ते फडकं!"

ह्यांनी इंजिन छातीशी धरलं आन आत निघून गेले. आप्पा माझीच समजूत घालायला लागले, "करू दे गं. नादुरुस्त इंजिन शेडच्या बाहेर काढत नसतेत." दोघंबी एका माळेचे मणी. मी कुणापुढं डोकं फोडू?

सगळं सुटं केलं. एकेक तुकडा चिंचेच्या पाण्यात उकळून घासला, आता माझ्याकडून घासून घेतला. बॉयलरसाठी माझ्या रुखवतातला पितळी तांब्या कापला, ठोकून पत्रा केला. मी काही बोलले न्हाई. खोटं कशाला सांगू, लई बोलले. पण माझ्या बोलण्याकडं त्यांचं ध्यानच नव्हतं. दुकानाचं कुलूप काढीनात, भाकरी ताटात वाळायची. सांधा वाकडा जायचा, की परत उकलायचा. आन इकडं आप्पा दाराच्या चौकटीला धडकायला लागले. बशीच्या बाहेर चहा ओतायचे. स्टेशनात जायचं सोडलं. एकदा भर दुपारी मला म्हणले, "दिवा लाव की गं." मी अंगणातल्या उन्हाकडं बघत राहिले. मालक आतून सारं ऐकत होते. ठोकण्याचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.

खंडेनवमीला इंजिन पुरं झालं. खरं सांगते, तसं देखणं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. काळा रंग, लाल पट्टा, म्होरं दिवा. हत्यारांची पूजा झाली, ह्यांनी इंजिनाला कुंकू लावलं आन अंगणात उन्हात पाटावर ठेवलं. मी आप्पांना धुतलेलं धोतर नेसवून, हाताला धरून आणलं आन खुर्चीवर बसवलं.

"मामा, बघा," हे म्हणले.

आप्पांनी मान वर केली, पाण्याच्या रांजणाकडं वळवली आन डोळे बारीक करून निरखून निरखून बघितलं. "व्वा, जावाईबापू!" म्हणले. "काय झळकतंय! असंच होतं बघा, हुबेहूब. दिवाबी बराबर बसवलाय."

इंजिन त्यांच्या दुसऱ्या अंगाला होतं. मी सांगायला तोंड उघडलं. ह्यांनी हात जोडून मला गप केलं, पाटासकट इंजिन उचललं आन आवाज न करता आप्पा बघत होते तिथं, रांजणापाशी नेऊन ठेवलं.